ट्रायपॉड लावूनही फुलाचा फोटो हलतो? आधी शेजारच्या खड्याकडे बघा

दरवर्षी श्रावणात सडे (कातळाची सपाट पठारं) फुलायला लागले की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, हलका ट्रायपॉड घेतला, रिमोटही घेतला, तरी छोट्या फुलांचे फोटो हलतातच. आता कुठला घेऊ?"

मी सांगते, इतक्यात कुठलाच घेऊ नका. पुढच्या खेपेला सड्यावर जाल तेव्हा सुपारीएवढा एक खडा खिशात ठेवा. ज्या फुलाचा फोटो हलतोय त्याच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर तो ठेवा आणि सेटिंग न बदलता दोघांचा मिळून एक फोटो काढा. मग मागच्या स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा.

खडा लख्ख आणि फूल पुसट असेल तर दोष वाऱ्याचा आहे. दुसरा ट्रायपॉड घेऊन काहीही फरक पडणार नाही. खडाही हललेला असेल, त्याच्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, तर हलतोय तो कॅमेरा. कडा ओढलेल्या नाहीत पण सगळंच सारखं मऊ, म्हणजे जरासं धूसर दिसतंय, तर फोकस चुकलाय किंवा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) फार लहान केलंय.

खडा घरूनच न्या असं मी मुद्दाम सांगते. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली विंचू, पाली, बेडूक राहतात. जागचा दगड उचलला की त्यांचं घर उघडं पडतं.

ही साधी परीक्षा सुचायला मला दोन पावसाळे लागले. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथे सीतेची आसवं ही छोटी जांभळी फुलं टिपायला मी सव्वा किलोचा, पाठीवरच्या पिशवीत मावणारा ट्रायपॉड घेऊन गेले होते. दिवसभरात दोनशेच्या आसपास फोटो काढले आणि ठेवावा असा एकही मिळाला नाही. मी ट्रायपॉडला दोष दिला आणि पुढच्या वर्षी दुप्पट वजनाचा घेऊन गेले. फोटो पुन्हा तसेच. तेव्हा एका फ्रेमच्या कोपऱ्यात योगायोगाने आलेला जांभ्याचा तुकडा दिसला. त्याचं छिद्रन् छिद्र स्पष्ट होतं आणि त्याच्या शेजारचं फूल म्हणजे नुसता जांभळा डाग. ज्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे वाऱ्याचा विचार मी सगळ्यात शेवटी केला होता.

जवळच्या फोटोत एवढंसं हलणं का दिसतं

मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने) फूल एकास एक प्रमाणात घेतलं की ते सेन्सरवर आपल्या खऱ्या आकाराएवढं उमटतं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या मध्यम आकाराच्या) सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते आणि तेवढ्यात ६००० पिक्सेल बसवलेले असतात. म्हणजे एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. फूल ०.१ मिमी हललं तरी सेन्सरवर ते २५ पिक्सेल सरकतं. डोळ्याला जे फूल स्थिर वाटतं ते कॅमेऱ्यासाठी झोके घेत असतं.

दुसरी अडचण उजेडाची. एकास एकला लेन्स साधारण दोन स्टॉप उजेड खाते, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान, आणि इथे एफ/११ लावलं तरी काम एफ/२२ सारखं होतं. पावसाळी ढगात मग शटर १/१५ किंवा १/८ सेकंदापर्यंत खाली येतं. एवढं करूनही एफ/११ ला फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) मिलिमीटरभरसुद्धा मिळत नाही. ती वाढवायला लोक एफ/२२ करतात आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळं चित्र मऊ पडतं. वर सांगितलेला तिसरा दोष तो हाच. एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जाऊ नका. खोली हवीच असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत काही फोटो घ्या आणि घरी जोडा, पण हे वारा पडलेला असेल तरच जमतं.

खडा शार्प, फूल हललेलं

चाळकेवाडीला गुरं राखणाऱ्या एका मामांनी मला एका वाक्यात उत्तर दिलं होतं. "दुपारी काय शोधताय, पहाटं या की." सूर्य उगवल्यानंतरचा तासभर वारा बहुधा मंद असतो आणि ऊन चढलं की वाढत जातो. सात वाजता पठारावर असाल तर निम्मं काम तिथेच होतं. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या झाडाच्या पानावरचे चिकट थेंबही तेव्हाच्या तिरप्या उजेडात सगळ्यात छान दिसतात.

दुसरा उपाय प्रत्येकाच्या पिशवीत असतोच: छत्री. वाऱ्याच्या बाजूला ती जमिनीलगत आडवी उघडून धरा. फुलाला दोन हातांचा आडोसा मिळाला तरी फरक लगेच दिसतो. पांढरी किंवा फिकट छत्री असेल तर कडक ऊनही मवाळ होतं. छत्री ट्रायपॉडला मात्र बांधू नका. ती शिडासारखा वारा धरते आणि सगळा हिसका कॅमेऱ्याला देते.

तरीही फूल डुलत असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान करा आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) बेधडक १६०० वर न्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फ्लॅश वापरत असाल तर तोच वाऱ्यावरचा खरा तोडगा. कमी ताकदीवर छोटा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ चमकतो आणि तेवढ्यात फुलाला हलायला सवड मिळत नाही. आंबोलीला रात्री बेडकांसाठी जाणारे लोक ट्रायपॉडशिवाय उत्तम फोटो आणतात ते याच बळावर. तिथे जाणार असाल तर तिन्ही पाय घरी राहिले तरी चालेल.

देठाला काडी आणि कपड्यांचा चिमटा लावून फूल धरून ठेवायची युक्ती घरच्या कुंडीसाठी ठीक आहे. सड्यावर नको. तिथली कितीतरी झाडं बोटभर मातीत उगवून दोन महिन्यांत सगळं आयुष्य उरकतात, एक देठ मोडला तर त्या वर्षीचं बी गेलं.

खडाही हललाय

आता ट्रायपॉडकडे वळू. पण इथेही आधी परीक्षा. कॅमेरा लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) सुरू करा, चित्र दहापट मोठं करा आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारा. स्क्रीनवरची थरथर थांबेपर्यंत मनात सेकंद मोजा. एक-दीड सेकंदात थांबली तर ट्रायपॉड चांगला आहे. चार-पाच सेकंद लागत असतील तर तुमचा दोन सेकंदांचा टायमर पुरत नाही. बटण दाबल्याचा धक्का अजून जिरतच असतो तोवर शटर उघडतं. टायमर दहा सेकंदांचा करा, पुन्हा खड्याचा फोटो घ्या. शार्प आला तर दोष सापडला आणि खर्च शून्य.

टायमरची एक अडचण आहे. वाऱ्यात आपण फूल थांबायची वाट बघतो, आणि फूल थांबलं त्या क्षणी बटण दाबून दहा सेकंद गेले की ते पुन्हा डुलायला लागतं. म्हणून पठारावर रिमोट किंवा वायरचं रिलीज घ्याच. माझ्या मते ट्रायपॉडवर वाढीव पैसे घालण्याआधी घ्यायची वस्तू ती.

रिमोट असूनही १/६० ते १/४ या टप्प्यात खडा हलतोय आणि त्याहून वेगवान किंवा एक सेकंदाहून लांब एक्स्पोजरला हलत नाही, असं दिसलं तर हिसका कॅमेऱ्याच्या पोटातून येतोय. डीएसएलआर असेल तर आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय वापरा. मिररलेस असेल तर शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरही चालतं, पण डुलतं फूल त्यात वाकडं उमटू शकतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच्यासोबत फ्लॅश चालत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करायची सोय) चालू आणि बंद अशा दोन्ही तऱ्हांनी खड्याचा फोटो घेऊन बघा. जुन्या लेन्स ट्रायपॉडवर स्वतःच थरथर तयार करतात, नव्यांपैकी बऱ्याच ट्रायपॉड ओळखतात.

हे सगळं करूनही खडा हलत असेल तर ट्रायपॉडच्या शरीराकडे बघा. हलक्या ट्रायपॉडचं वजन कुठून तरी काढलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा शेवटच्या नळ्यांतून. पाच टप्प्यांच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांच्या पायात शेवटची नळी करंगळीएवढी होते. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास अर्धा केला तर वाकण्याला होणारा विरोध साधारण आठव्या भागावर येतो. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने ती आठपट वाकते. या दोन्ही गोष्टी बारीक लांब पायात एकत्र येतात.

पण सड्यावर आपल्याला ते टप्पे लागतातच कुठे? सीतेची आसवं वीतभर उंच. गेंद, दवबिंदू त्याहून खुजे. लेन्स जमिनीपासून १० ते २५ सेमीवर हवी असते. म्हणजे शेवटचे दोन-तीन टप्पे उघडायचेच नाहीत, वरच्या जाड नळ्यांवर काम करायचं. एवढ्यानेच कितीतरी लोकांचा "डगमगणारा" ट्रायपॉड खंबीर झालेला मी पाहिलाय.

पण तो खाली बसतच नाही

खरी मेख इथे आहे आणि ट्रायपॉड निवडताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दुकानात आपण विचारतो, केवढा उंच होतो? दीडशे सेंटीमीटर, छान. केवढा खाली बसतो, हे कुणी विचारत नाही. प्रवासी ट्रायपॉडची किमान उंची बरेचदा ३५ ते ४० सेमी असते, कारण पाय कितीही फाकवले तरी मधला दांडा खाली जमिनीला टेकतो. मग वीतभर फुलासाठी माणूस कॅमेरा वरून तिरका खाली वाकवतो, वजन एका बाजूला कलतं, बॉलहेड (कॅमेरा बसवायचं, गोळ्यावर फिरणारं डोकं) घसरतं, आणि फुलाची पार्श्वभूमी म्हणून चिखल येतो.

म्हणून घेताना पहिली अट: मधला दांडा काढता आला पाहिजे, किंवा त्याचे दोन तुकडे होऊन फक्त आखूड तुकडा लावता आला पाहिजे. दुसरी अट: पाय जवळजवळ सपाट पसरले पाहिजेत, प्रत्येक पायाला निदान तीन कोन हवेत आणि तिन्ही पाय वेगवेगळ्या कोनात उभे राहायला हवेत. पायांच्या जोडावर बॉलहेड थेट बसवता आलं तर कॅमेरा १५ सेमीच्या आसपास येतो. हे दुकानातच उघडून, तुमचा कॅमेरा आणि तुमचीच लेन्स लावून बघा. उलटे दुमडणारे पाय पिशवीत सुंदर मावतात, पण त्यातले काही सपाट पसरत नाहीत, ते कागदावरच्या माहितीतून कळत नाही.

दांडा उलटा लावून कॅमेरा पायांच्या मधोमध खाली लटकवता येतो. शेवाळ, अळंबी यांसाठी चालतं. मला ते आवडत नाही. बटणं उलटी होतात, पायांची सावली पडते, आणि पाऊस सरळ व्ह्यूफाइंडरवर येतो. काही ट्रायपॉडमध्ये दांडा आडवा होतो, तो कामाचा आहे, पण जितका बाहेर काढाल तितकी थरथर वाढते, म्हणून आखूडच ठेवा. इंग्लंडमधल्या बेन्बो ट्रायपॉडची रचना याबाबतीत अजूनही वेगळी आहे. एका वाकड्या बोल्टवर तिन्ही पाय आणि दांडा हव्या त्या कोनात फिरतात आणि खालच्या नळ्या बंदिस्त असल्याने तो पाण्यातही उभा राहतो. मात्र उचलून गड चढायचा असेल तर त्याचे मोठे नमुने जड पडतात.

मधला दांडा वर ओढून कधीच फोटो काढू नका. तीन पायांवर काठी उभी करून तिच्या टोकाला कॅमेरा बांधण्यासारखं ते आहे.

बॉलहेडची परीक्षा वेगळी. दहापट मोठ्या चित्रात खड्याचं एक टोक मधोमध आणा, हेड घट्ट करा, हात सोडा. टोक खाली सरकलं तर हेड लहान आहे किंवा वजन मधोमध नाही. थोडं सरकत असेल तर तेवढं वर धरून घट्ट करायची सवय होते, जास्त सरकत असेल तर हेड बदला. पाय तेच राहू देत. कंपनीने लिहिलेल्या "८ किलो पेलतो" वर जाऊ नका. हा आकडा काढायची सगळ्यांना लागू अशी एकच पद्धत नाही, आणि पेलणं म्हणजे स्थिर ठेवणं नव्हे. कॅमेऱ्याखालच्या प्लेटवर जाड मऊ रबर असेल तर तेही दबून चित्र सरकवतं. उभा फोटो घ्यायला हेड बाजूला पाडण्यापेक्षा एल आकाराची प्लेट वापरा, वजन मधोमध राहतं.

धातू की कार्बन? कार्बन फायबर थरथर लवकर जिरवतं आणि पहाटेच्या गारठ्यात हाताला थंड लागत नाही. बजेट असेल तर घ्या. पण जाड पायांचा, चार टप्प्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड बारीक पायांच्या पाच टप्प्यांच्या कार्बनपेक्षा या कामाला सरस ठरतो. वजन वाचवायचंच असेल तर उंचीतून वाचवा. फक्त फुलांसाठी हवा असेल तर छातीएवढा कशाला? कमरेएवढा, जाड पायांचा, दांडा नसलेला घ्या. तो हलकाही असतो आणि ताठही. ट्रेकला जाताना मी असाच नेते आणि सोबत मोहरी भरलेली छोटी उशी. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली देतात तशीच, फक्त प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. कॅमेरा जमिनीला टेकवायचा असेल तेव्हा ती कुठल्याही ट्रायपॉडपेक्षा चांगली धरून ठेवते.

आधी बरा होता, मग चित्र हळूहळू सरकतं

हे ओल्या मातीचं लक्षण. सड्यावर कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि त्यात पाणी धरलेलं असतं. रबरी पाय त्यात सावकाश रुततो. पाय ठेवल्यावर वरून दाबून कातळाला टेकवा, मिनिटभर थांबा, मग फ्रेम लावा. उघड्या जांभ्यावर रबर उत्तम धरतं. अणकुचीदार पाय मातीत चांगले, कातळावर घसरतात.

दांड्याच्या हुकाला बॅग अडकवत असाल तर ती जमिनीला जराशी टेकू द्या. अधांतरी बॅग वाऱ्यात झुलते आणि आपणच लंबक बांधून ठेवल्यासारखं होतं.

पायांची जागा निवडताना खाली बघून एकेक पाय ठेवा. कासचं पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली आलं. तिथे ठरलेल्या वाटांवरूनच चालायचं असतं. ज्या फुलापर्यंत वाटेवरून पोचता येत नाही ते सोडून द्या. तसंच फूल चार पावलांवर वाटेच्या कडेला बहुधा सापडतंच.

घट्ट केला तरी पाय घसरतो

फिरवून आवळायच्या लॉकमध्ये तांबडी माती शिरली की असं होतं. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडा, गोड्या पाण्याने धुवा, उघडेच ठेवून सावलीत रात्रभर वाळवा. ओला दुमडून ठेवू नका. वर्षातून एकदा नळ्या बाहेर काढून आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या पुसा, त्या कोणत्या बाजूने बसल्यात याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. खटक्याच्या लॉकचा ट्रायपॉड असेल तर खटका सैल झाल्यावर त्याचा स्क्रू किल्लीने अर्धा फेरा आवळावा लागतो. ती छोटी किल्ली ट्रायपॉडच्या पिशवीतच चिकटवून ठेवा. पायांच्या वरच्या जोडाचे बोल्टही तपासा. पाय हवेत आडवा धरल्यावर आपोआप खाली पडत असेल तर बोल्ट सैल आहे, आणि खडा हलण्याचं कारण कधीकधी तेवढंच निघतं. कोकणातल्या सड्यांवर, समुद्राच्या वाऱ्यात काम केलं असेल तर धुणं त्याच रात्री उरका. कार्बनच्या नळ्यांना खार लागत नाही, पण त्यांचे जोड आणि स्क्रू धातूचेच असतात.